रात्री मी जागी होते म्हणून

गेल्या वर्षी फेब्रुवारीतली गोष्ट. पावणेतीन वाजले असतील. आमच्या मानपाड्याच्या घरात मी नेहमीसारखी टक्क जागी होते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाची घरघर, पंख्याची टकटक आणि शेजारी नवऱ्याचं घोरणं. अचानक घोरणं थांबलं. बरं वाटलं मला. मग लक्षात आलं की श्वासाचाही आवाज नाही. पोट वरखाली होत होतं, छाती ओढल्यासारखी दिसत होती, पण नाकापुढे बोट धरलं तर हवा लागत नव्हती. मी मनात आकडे मोजायला लागले. बावीस झाले तेव्हा त्याने जोरात हिसका दिला, घशातून घुसमटल्यासारखा आवाज काढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

त्यानंतर तासभर मी उशीवर कोपर टेकून बसले होते. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होत होतं. शेवटी मोबाईल त्याच्या उशाशी ठेवून मी आवाज रेकॉर्ड केला. आज हे लिहायला बसले आहे ते त्या रेकॉर्डिंगमुळे. कारण तोपर्यंत आमच्या घरात झोपेचा रोगी एकच होता आणि तो मी.

नवऱ्याची झोप म्हणजे सगळ्या नातेवाइकांत कौतुकाचा विषय. पाठ टेकली की घोरायला लागतो, नशीबवान आहे, असं सासूबाई म्हणायच्या. लग्नाच्या वऱ्हाडात, एसटीत, हॉस्पिटलच्या बाकड्यावर, कुठेही त्याला झोप लागे. टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या की पहिल्या जाहिरातीपर्यंत मान खाली. मी मात्र साडेनऊला अंथरुणात शिरायची आणि एक-दीडपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी सहाला उठताना अंगात त्राण नसायचं. साडेसातला घर सोडायचं, ठाणे स्टेशनला जाऊन पनवेल किंवा वाशी लोकल पकडायची, रबाळ्याला उतरून चालत कंपनीत. मी तिथे अकाउंट्स बघते. बारा वाजेपर्यंत आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागायचे. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. संध्याकाळी परतल्यावर कुकर लावायच्या आधी दहा मिनिटं ओट्याला टेकून नुसती उभी राहायची.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. मी ‘दमते’ असं म्हणायचे आणि तो ‘पेंगतो’ असं सगळे म्हणायचे, पण दोन्हीचा अर्थ आम्ही एकच लावला होता: मला झोप कमी पडते, त्याची भरपूर होते. खरं वेगळंच होतं.

त्याचं आधी सांगते, कारण त्याचं गंभीर होतं. त्या रात्रीच्या आधीच एक रविवार येऊन गेला होता. ऐरोलीला नणंदेकडे जेवून आम्ही स्कूटरवरून परतत होतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाजवळ गाड्या खोळंबल्या होत्या. थांबल्या थांबल्या स्कूटर एका बाजूला कलली. मी पाय टेकून सावरली म्हणून बरं. गरगरलं असेल, ऊन लागलं असेल, असं आम्ही बोललो. त्याने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं की तिथे त्याचा डोळा लागला होता. स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून, अंगावर हेल्मेट-जाकीट घालून, मागे बायको बसलेली असताना माणसाला झोप लागते, यात नशीबवान काय आहे?

रेकॉर्डिंग घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला एक कागद भरायला दिला. आठ प्रश्न. वाचताना, टीव्ही बघताना, चारचौघांत नुसतं बसलेलं असताना, तासभर गाडीत मागे बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि रहदारीत गाडी दोन मिनिटं थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते ३ गुण. मेलबर्नमधल्या एपवर्थ हॉस्पिटलच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ साली ही प्रश्नावली मांडली, म्हणून तिला एपवर्थ स्केल म्हणतात. एकूण २४ पैकी १० पर्यंत ठीक, त्यावर गेलं तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं धरतात. त्याचे १७ आले.

तो आत तपासायला गेला तेव्हा उरलेला एक कागद मी भरला. प्रामाणिकपणे. माझे आले ४.

मला ते खोटंच वाटलं. मीच तर रात्रभर जागी असते, मग माझे २० यायला हवेत! डॉक्टरांना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, “रविवारी दुपारी वेळ मिळाला आणि आडव्या झालात तर झोप लागते का तुम्हाला?” नाही लागत. कधीच लागली नाही. छताकडे बघत पडून राहते, आणखी दमून उठते. “मग तुम्ही थकलेल्या आहात, झोपाळलेल्या नाही. यांच्या झोपेचं बघू, पण तुमच्या थकव्याचं कारण रक्तात शोधा.”

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ज्या डॉक्टरांकडे गेले होते त्यांनी पंचेचाळिशी आली, टेन्शन घेऊ नका, असं सांगून झोपेची गोळी लिहून दिली होती. ती मी आठ महिने घेतली. डोकं जड व्हायचं, थकवा होता तिथेच. एकही तपासणी झाली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं, रागही येतो. ती गोळी नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. अशा गोळ्या मनाने एकदम सोडू नयेत, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं.

नवऱ्याची तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीभोवती पट्टा, नाकाखाली बारीक नळी, एक रात्र. रिपोर्टमध्ये तासाला ३८ वेळा श्वास अडला होता. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला तरच तो मोजतात. तासाला ५ पर्यंत चालतं, ३० च्या वर तीव्र. रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींची श्वासाची वाट त्यामुळे मिटते, शरीर घुसमटतं, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. म्हणजे आठ तास पलंगावर असलेला माझा नवरा तासाला अडतीस वेळा कुणीतरी हलवून उठवल्यासारखा झोपत होता. सकाळी त्याचं डोकं दुखायचं, रात्रीतून तीनदा लघवीला उठायचा, ब्लडप्रेशर दोन गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नव्हतं. लघवीसाठी आम्ही साखर तपासली होती, प्रोस्टेट तपासलं होतं. हे सगळं या एकाच दुखण्याचं असू शकतं हे डोक्यातही आलं नाही. आणि तो काही फार जाड नाही. मान मात्र आखूड आणि जाड आहे.

उपाय म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क, त्यातून हवेचा हलका दाब येत राहतो आणि घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. यंत्र स्वस्त नाही, आम्ही हप्त्यांवर घेतलं. पहिला महिना वाईट गेला. नाक कोरडं पडायचं, मास्क गालावर रुतायचा, पहाटे तो काढून फेकलेला सापडायचा. मग त्यात पाण्याची टाकी बसवून हवा ओलसर केली, मास्कचा आकार बदलला. सहाव्या आठवड्यात एका सकाळी तो उठून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, डोकं दुखत नाहीये. एवढंच. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला रडू आलं.

आता माझं.

हिमोग्लोबिन ११.४. ‘थोडं कमी’ म्हणून सोडून देण्यासारखं. पण यावेळी डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं. शरीरात लोहाचा साठा किती आहे ते त्यातून कळतं. ते ८ आलं. म्हणजे तिजोरी रिकामी झाली होती, रोजचा व्यवहार कसाबसा चालला होता. थायरॉइड ठीक होतं. मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला जो एवढ्या वर्षांत कुणी विचारला नव्हता: “रात्री पाय कसे असतात?”

पाय! मी इतकी वर्षं ‘झोप येत नाही’ असं सांगत होते, पण झोप न येण्याच्या आत पाय होते. आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं नाही, मुंग्या नाहीत, आतून ओढ. पाय हलवला की क्षणभर बरं, थांबवला की पुन्हा. चादरीवर टाचा घासायच्या, पाय भिंतीला लावायचे, शेवटी उठून दिवाणखान्यात फेऱ्या मारायच्या. लेक कितीदा तरी पाय दाबून द्यायची. दिवसभराच्या दगदगीने पाय ओढतात, अशी माझी समजूत. आमच्याकडे सगळ्या बायकांचे ओढतात.

याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून एकबॉम यांच्या नावानेही ते ओळखतात. मेंदूला डोपामिन हे हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन तयार करायला लोह लागतं. ते कमी पडलं की बऱ्याच जणांचे पाय संध्याकाळनंतर असे बंड करतात. घराण्यातूनही येतं.

मग एकेक गाठ सुटत गेली. शेजारच्या वहिनींनी सांगितलेली सर्दीची गोळी मी मध्यंतरी झोपेसाठी घ्यायचे, आणि त्या रात्री पाय जास्तच वळवळायचे. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणं वाढतं, हे आता कळलं. आणि चहा! थकवा घालवायला मी चहा प्यायचे. सकाळी पोह्यांबरोबर, दुपारी डब्यानंतर लगेच, चारला, आणि साडेसहाला घरी आल्यावर आलं घालून मोठा पेला. चहा जेवणाबरोबर किंवा लागून घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. शिवाय जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, त्याच्याच भाराने रात्री झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. पाच-एक तासांनी त्यातलं निम्मं शरीरात शिल्लक असतं. म्हणजे साडेसहाच्या चहाचा अर्धा पेला साडेअकराला माझ्यासोबत अंथरुणात यायचा. थकव्यासाठी चहा घेत होते आणि चहानेच थकवा रात्रीपर्यंत पोसत होते.

लोह गेलं कुठे, हेही शोधावं लागलं. दोन-तीन वर्षं पाळीत फार जात होतं. या वयात होतं असं म्हणून मी अंगावर काढत होते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, त्यावर उपचार झाले. मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम उघड लिहिते आहे. बायका हे बोलत नाहीत, लोहाच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खात राहतात. तपासल्याशिवाय खाऊ नका. लोह जास्त झालं तरी बाधतं, आणि रक्त कुठून जातंय ते कळलं नाही तर गोळ्या फुटक्या माठात पाणी ओतल्यासारख्या. मला दिवसाआड एक गोळी होती, रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर. चहा तिच्यापासून दोन तास लांब. पाय शांत व्हायला तीन महिने लागले. एका रात्री लक्षात आलं की आपण पाय हलवतच नाही आहोत.

गंमत म्हणजे तरीही झोप येईना. पाय शांत, डोळे उघडे. इतक्या वर्षांत माझ्या शरीराला सवय लागली होती की पलंग ही जागं राहायची जागा आहे. सोफ्यावर डोळे मिटायला लागायचे, उठून पलंगावर गेलं की लख्ख जाग. यावरचा उपाय मला आधी क्रूर वाटला. दोन आठवडे वहीत लिहायचं: कधी आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठले. हिशेब निघाला, पलंगावर साडेआठ तास, झोप साडेपाच. डॉक्टर म्हणाल्या, मग पलंगावर पावणेसहा तासच जायचं. रात्री बारा ते पावणेसहा. त्याआधी आडवं व्हायचं नाही, दुपारी डुलकी नाही, रविवारीही पावणेसहालाच उठायचं. वीसएक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, झोप दाटून आली की परत. पलंगावरून उठण्याचा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला, आणि वेळ आवळण्याची पद्धत आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी या सवयींच्या उपचाराची शिफारस केली आहे.

रात्री उठून करायचं काय? मोबाईल बंद, टीव्ही बंद. मी भिजवलेल्या वालांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात बसायची. ओट्याखालचा लहान दिवा, आणि बिरडं सोलायचं. एक वाल, चिमटीत दाब, साल इकडे, दाणा तिकडे. अर्धी वाटी सोलून होईपर्यंत पापण्या जड व्हायच्या. त्या दोन महिन्यांत घरी डाळिंब्यांची उसळ इतक्यांदा झाली की लेक शेवटी हात जोडायला लागली.

पहिले बारा-तेरा दिवस फार कठीण गेले. रोज अकराला मी जिन्यात फेऱ्या मारत होते, झोप अशी येत होती की भिंतीला टेकलं तर लागेल. त्या काळात मी स्कूटरला हात लावला नाही, कामावरचे मोठे आकडे सहकारणीला एकदा बघायला द्यायचे. ज्यांना दिवसा गाडी चालवावी लागते, ज्यांना फिट येतात किंवा तीव्र मूडचे आजार आहेत, त्यांनी हे मनाने करू नये. माझ्या नवऱ्यासारख्या माणसाने तर मुळीच नाही. पण चौदाव्या की पंधराव्या रात्री मी बाराला आडवी झाले आणि पुढचं आठवतं ते गजराचंच. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत आता पावणेअकरा ते पावणेसहावर आले आहे.

सकाळच्या उजेडाबद्दल थोडं सांगायचं आहे, कारण ठाण्यात ते अवघड आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ लागतं, आणि रात्री झोप वेळेवर येते. पण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण त्र्याहत्तरवर. सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा अडतीसएक मिनिटं मागे असतो. जानेवारीत सव्वासातला कुठे सूर्य उगवतो, आणि मी साडेसातला बसमध्ये. म्हणून हिवाळ्यात मी स्टेशनवर छपराखाली न थांबता उघड्यावर उभी राहते, आणि रबाळ्याला रिक्षा न करता चालत जाते. पंधरा-वीस मिनिटं मिळतात. दुपारी तीनला अजूनही मरगळ येते. ती शरीराच्या घड्याळातच आहे, जेवण हलकं केलं तरी थोडी येतेच. तेव्हा चहाऐवजी कंपनीच्या आवारात दोन फेऱ्या. दिवसाचा शेवटचा चहा दोनला. सगळं मिळून थकवा सत्तर टक्के गेला असं मी म्हणेन. महिन्यातून दोन-तीन रात्री अजून खराब जातात. पूर्वी अशा रात्री मी उद्याचं काय होणार याचा घोर लावून घ्यायची. आता वाल भिजवलेले नसले तर शेंगा सोलते.

दिवाळीनंतर संगमेश्वरहून आई राहायला आली. पंचाहत्तरीची आहे. पहिल्या रात्री तिने जुन्या नऊवारीची फाडलेली पट्टी पिशवीतून काढली आणि दोन्ही पोटऱ्यांना आवळून बांधली. लहानपणापासून मी ते बघत आले होते. कंदील विझवायच्या आधी पट्टी बांधणं म्हणजे देवाला हात जोडण्यासारखंच तिचं रोजचं काम. त्या रात्री पहिल्यांदा मी त्या पट्टीकडे नीट बघितलं. विचारलं, आई, आडवी झालीस की आत वळवळतं का? उठून चाललं की थांबतं का? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, सगळ्यांचंच होतं ना गं तसं.

तिचं फेरिटिन ११ आलं. या वयात रक्त कशाने कमी झालं ते आधी बघायला हवं म्हणून पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या मंगळवारची. तोवर ती माझ्याच खोलीत झोपते आणि नवरा यंत्र घेऊन हॉलमध्ये. पट्टी ती अजून बांधते. काल रात्री सव्वाबाराला ती फेऱ्या मारताना मला जाग आली, तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि उरलेले वाल सोलून टाकले.